आठ वाजताचा चढ

११ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

चाळीस वर्षं वर्कशॉपमध्ये लेथ आणि ग्राइंडरच्या शेजारी उभं राहून तुमचे कान संपावर गेलेत. फोनवर मी ओरडलो की आमच्या मजल्यावरचे लोक घरात भांडण लागलं असं समजून दार ठोठावतात. म्हणून हे पत्र.

प्रश्न गाडीचा आहे. तुम्ही तिला पाहिलं आहे. वय सतरा, रंग पांढरा (कागदपत्रांनुसार). रोज सकाळी तिच्यातून आम्ही चौघं आमच्या शाळेच्या डोंगरावरच्या शाखेत शिकवायला जातो. मी भाषेचा, गणिताच्या बाई, कवायतीचे सर आणि मुख्याध्यापिका. तीन वर्षांपूर्वी बस बंद झाली, तेव्हापासून ही गाडी म्हणजेच शाळा.

शेवटचे दोन किलोमीटर रस्ता इतका उभा आहे की तिसऱ्या वळणावर गाडी मान टाकते. मग कवायतीचे सर उतरतात. वजन एकशे चार, त्यामुळे मान पहिला त्यांचा. त्यानंतर गणिताच्या बाई. मुख्याध्यापिका उतरत नाहीत, पदाचा प्रश्न आहे. मी वर जाऊन त्यांना सोडतो, खाली येतो, उरलेल्या दोघांना घेऊन पुन्हा चढतो. पहिला तास आठचा, आम्ही सुरू करतो साडेआठला. लवकर का निघत नाही, असं विचाराल. गणिताच्या बाईंचं बाळ पाळणाघरात ठेवावं लागतं आणि ते सातच्या आधी उघडत नाही.

जानेवारीत तपासनीस साहेब आले होते. शांत मनुष्य. आवाज न चढवता म्हणाले, "नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी, दोन मेला, मी तुमच्याच गाडीतून येईन. तास आठला सुरू झाला नाही, तर ही शाखा बंद करून मुलांना खालच्या शाळेत घालावं लागेल." खाली यायला मुलांना दीड तास, वर जायला दोन. निम्म्या घरांनी सांगूनच टाकलंय की मग मुलींना पाठवणार नाही.

नवी गाडी आमच्या आवाक्यात नाही. चौघांनी मिळून जमवलंय ते एका पगाराएवढं आहे. तेवढ्यात ह्या गाडीला जास्त ताकदीचं इंजिन बसेल का? आणि बसत असेल तर ते मी बांधू शकेन का? पाना आणि पक्कड ह्यांतला भेद मला कळतो. त्यापुढचं अध्यापन तुम्ही करावं.

तुमचा दीर

१७ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र तुमच्या दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पन्नाशीत पुरुषाचे एकतर गुडघे दुखतात नाहीतर त्याला गाडी पळवावीशी वाटते. मी म्हटलं, ह्यांना पळवायची नाहीये, चढवायची आहे. हे तिसरंच दुखणं आहे.

होईल. तुमच्या गाडीच्या कंपनीनं त्याच वर्षांत मालाची एक व्हॅन काढली होती. तिचं इंजिन म्हणजे तुमच्या इंजिनाची थोरली बहीण. बाहेरून जवळपास तेवढीच, बसायच्या जागाही त्याच, फक्त पोटात तीनशे सीसी जास्त. भंगारात शोधा, मिळेल. घेताना तेलाचं झाकण उघडून आत बोट फिरवा. बोटाला दुधासारखं पांढरं लागलं तर हात पुसा आणि घरी जा. पुढची पुली हातानं फिरवून बघा. फिरली पाहिजे, पण लाडानं नको, जरा कुरकुरत. रेडिएटर आणि सायलेन्सरसुद्धा त्याच व्हॅनचे उचला.

सिलिंडर तुमच्या गावातच घासून घ्या, त्या मापाचे पिस्टन मी पाठवते. वरचं हेड उघडून माझ्याकडे पाठवा. इंजिनाचा श्वास तिथून चालतो, ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही.

आणि भाऊजी, उघडलेला प्रत्येक नट डब्यात, डब्यावर चिठ्ठी. लिहायची हौस तुम्हाला आहेच, ती तिथे वापरा.

वहिनी

ता.क. दादा विचारतायत, साहेबांचं वजन किती?

१ मार्च

वहिनी, सापडली! थोरली बहीण सापडली!

चौथ्या भंगारवाल्याकडे, तीन दारांच्या आणि एका बाथटबच्या खाली. मी तेलाच्या झाकणात बोट घातलं तेव्हा तो म्हणाला, "सर, इंजिन घ्यायला आलात की चव बघायला?" बोट काळं निघालं. निर्मळ, शुद्ध काळं! मग पुली फिरवली. ती अशी कुरकुरली की मला आमच्या मुख्याध्यापिकाच आठवल्या. भाव मी ठरवला नाही. गणिताच्या बाईंनी ठरवला. पंधरा मिनिटांनी भंगारवाला म्हणाला, "बाई, अजून थोडा वेळ थांबलात तर मलाच तुम्हाला पैसे द्यावे लागतील. घेऊन जा."

खालच्या शाळेमागची कोठी आम्हाला मिळाली आहे. गाडी तिथे उघडी पडली आहे तोवर आम्ही दुधाच्या टेम्पोतून वर जातो, पोचतो नऊला. जुनं इंजिन काढायला साखळी आणि कप्पी मिळवली होती, पण कप्पी अडकली. कवायतीचे सर म्हणाले, "बाजूला व्हा," आणि खाली बसून उठले. इंजिन त्यांच्याबरोबर उठलं. हे दृश्य मी पाहिलं नसतं तर पुराणांतल्या काही कथांवर आयुष्यभर संशय घेत राहिलो असतो.

घरी तुमच्या जाऊबाई म्हणतात की स्वयंपाकघरात आता तेलाचे दोन डबे आहेत आणि त्यांतला कुठला कशाचा हे मी सांगितल्याशिवाय त्या गॅस पेटवणार नाहीत. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत. मी त्या सुवाच्य लिहिल्या आहेत. तरी ही अवस्था.

एक आनंदाची बातमी शेवटी ठेवली आहे. भंगारवाल्याकडे शर्यतीच्या गाडीतला एक कॅमशाफ्ट होता, म्हणजे व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे ते ठरवणारा तो गाठीगाठींचा दांडा. आपल्याच इंजिनात बसणारा! माझ्याकडून एक अधिकचा खर्च म्हणून मी तो घेतला. रात्री उशाशी ठेवला नाही एवढंच. हेड उद्याच्या मालगाडीनं निघेल.

तुमचा दीर (हात काळे, मन प्रसन्न)

७ मार्च

भाऊजी,

हेड आलं. चांगलं आहे.

तो शर्यतीचा दांडा भंगारवाल्याला परत करा. घेत नसेल तर पडद्याला लावा.

नीट ऐका. तो दांडा मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर जागा होतो. तुमचा चढ दोन हजारांवर असतो. म्हणजे तुम्ही तिसऱ्या वळणावर मान टाकून उभे असाल आणि दांडा अजून अंथरुणात असेल. वेग आणि जोर ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शर्यतवाल्याला वेग लागतो. पाच माणसं घेऊन उभा चढ चढणाऱ्याला खालच्या फेऱ्यांत जोर लागतो, हमालाला लागतो तसा. तुम्हाला व्हॅनचा दांडाच ठीक आहे. ती बिचारी आयुष्यभर पोती वाहत होती, तिला कुणी शिकवायला नको.

हेडमधल्या हवेच्या वाटा मोकळ्या करते. कारखान्यातून येताना आत खरबरीत राहिलेल्या असतात, त्या गुळगुळीत केल्या की इंजिन मोकळा श्वास घेतं. त्यात खर्च काहीच नाही, फक्त बोटं झिजतात. व्हॉल्व्ह नवे घालते. तळ ग्राइंडरवर घेऊन सपाट करते.

सोबत माझा टॉर्क पाना येईल. किती जोरानं आवळलं ते त्याच्यावरचा काटा सांगतो. हेडचे दहा बोल्ट मधून बाहेर आवळत जायचे, कोपरे अगदी शेवटी. चित्र काढून पाठवते, प्रत्येक बोल्टला आकडा आणि खाली क्रम. चादर अंथरताना आपण मधून हात फिरवत कडेला नेतो ना, तसंच. आधी कोपरे दाबले तर मधे फुगा राहतो.

दांड्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या दादांनी एकदा मला नव्या स्कूटरला लावायला जहाजाचा भोंगा आणून दिला होता.

वहिनी

२८ मार्च

वहिनी,

सुरू झालं!!!

(तीन उद्गारचिन्हं मी विद्यार्थ्यांना कधी क्षमा केलेली नाहीत. आज स्वतःला केली.)

क्रमानं सांगतो. तुमचं हेड पेटीतून बाहेर काढलं तेव्हा आम्ही चौघं नुसते बघत राहिलो. तळावर बारीक समांतर रेषा, कोऱ्या वहीच्या पानासारख्या. आतल्या वाटा इतक्या तुळतुळीत की गणिताच्या बाईंनी त्यात आपलं कुंकू नीट केलं. पिस्टन बसले, दांडा बसला (व्हॅनचा, शर्यतीचा परत गेला, त्या बदल्यात भंगारवाल्यानं रेडिएटरचे पाइप दिले), दांडा फिरवणारी साखळी बसली.

हेड बसवायच्या दिवशी हातांना इतकं तेल होतं की तुमचं चित्र हातात धरता येईना. पण मी संस्कृत पाठशाळेत वाढलेला माणूस, आम्हाला कागदाची गरज नसते. तुमचा सगळा क्रम आदल्या संध्याकाळी मी अनुष्टुभात रचून पाठ केला होता. सुरुवात अशी:

पञ्चमं षष्ठमादौ तु सप्तमं दशमं ततः

मी म्हणत होतो, कवायतीचे सर आवळत होते, मुख्याध्यापिका काटा वाचत होत्या. कोठीला पाठशाळेची शोभा आली होती.

काल दुपारी चावी फिरवली. एकदा नुसतीच खोकली. दुसऱ्यांदा खोकली आणि रागावली. तिसऱ्यांदा! वहिनी, तो आवाज! मुख्याध्यापिकांनी टाळ्या वाजवल्या. गेल्या अकरा वर्षांत त्यांना टाळ्या वाजवताना मी पाहिलेलं नाही, बक्षीस समारंभातसुद्धा नाही. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर नेली. पूर्वी गाडीला विनंती करावी लागायची, आता नुसतं सुचवलं तरी पुरतं.

सायलेन्सरमधून सुंदर शुभ्र धूर येतो, यज्ञातल्यासारखा, आणि त्याला जरा गोडसर वासही आहे. रेडिएटर थोडं पाणी पितो, जागा नवी आहे, तहान असणार. परवा चौघंही चढावर नेतो.

तुमचा कृतार्थ दीर

१ एप्रिल

भाऊजी, चढावर नेऊ नका.

हे पत्र मिळेपर्यंत नेली असेल तर काय झालं ते मी सांगते. तिसऱ्या वळणाच्या आत पाणी उकळलं.

पांढरा धूर आणि गोड वास म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये जातंय. म्हणजे हेडखालचं गॅस्केट, फट बुजवणारं ते पातळ अस्तर, गळतंय. यज्ञ बिज्ञ काही नाही.

मला संस्कृत येत नाही. पण दशम म्हणजे दहा, एवढं कळतं. चित्र काढा समोर. दहा नंबर कोपऱ्यात आहे. सातच्या जोडीला चार आहे. तुम्ही चार सोडून दहावर कसे गेलात?

वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र येण्याआधीच सगळं तसंच झालं होतं. फक्त एक चूक दुरुस्त करतो: तिसऱ्या नव्हे, दुसऱ्या वळणाच्या आत.

उकळली, शिट्टी मारली, बंद पडली. चौघांनी ढकलत खाली आणली. ह्या वेळी मुख्याध्यापिकाही उतरल्या. कुणी मला काही बोललं नाही. कवायतीचे सर तर म्हणाले, "सर, उतार आहे, जड नाही." ते शिवी देते तर बरं झालं असतं.

आता कबुली. वृत्ताची सक्ती होती असं सांगून सुटता आलं असतं, पण तुम्हाला नाही तरी मला कळलं असतं. चतुर्थ वृत्तात व्यवस्थित बसत होता. पण 'सप्तमं दशमं' कानाला इतकं गोड लागलं, की चतुर्थाला मी पुढच्या ओळीत ढकललं. मनात म्हटलं, आवळायचे तर सगळेच आहेत, जरा मागेपुढे. एका अनुप्रासासाठी मी एक इंजिन आणि एक शाळा पणाला लावली. पाठशाळेत गुरुजी म्हणायचे, हा मुलगा पुढे काहीतरी करील. त्यांच्या मनात हे नसावं.

हेड उघडलंय. तळावर पट्टी उभी धरली तर मधे खालून उजेड दिसतो. गावातल्या कारखान्यात तळ घ्यायला वीस दिवसांची रांग आहे आणि आपल्या हातात सव्वीस दिवस. बाकीच्यांना अजून वाटतंय की जमेल. गणिताच्या बाईंनी तर वर्गात नव्या सत्राचं वेळापत्रक लावून टाकलं. ते पाहिलं की मला घाम फुटतो.

हेड पुन्हा पाठवू का?

तुमचा अपराधी दीर

१० एप्रिल

भाऊजी,

विचारताय काय? हे पत्र मिळेल त्या दिवशी पाठवा. सोबत दिलगिरी नको, पेटी जड होते.

दादा म्हणतात, तुमच्या अनुप्रासापेक्षा त्यांचा भोंगा बरा.

वहिनी

२२ एप्रिल

वहिनी,

हेड काल पोचलं, नवं गॅस्केटही. आज बसवलं. तुमचं चित्र भिंतीला खिळ्यानं ठोकलं आहे. मुख्याध्यापिका छडी लावून आकडा दाखवतात, सर आवळतात आणि मला तोंड उघडायची बंदी आहे. पाच, सहा, चार, सात, तीन, आठ, मग कोपरे. तीन फेऱ्यांत, दर फेरीला जोर वाढवत. संध्याकाळी सुरू केलं. धूर नाही, वास नाही, तहान नाही. पूर्ण तासभर चालू ठेवलं आणि आम्ही चौघं तिच्याभोवती स्टुलं टाकून, नाटकाला बसतात तसे बसलो होतो.

ही झाली आनंदाची गोष्ट. आता दुसरी.

बसवण्याआधी मी चष्मा लावून हेडचा तळ पाहिला. मार्चमध्ये तिथे सरळ समांतर रेषा होत्या. ह्या वेळी रेषा गोल आहेत, एकात एक गुंतलेली वेटोळी. सरळ रेषा मशीन काढतं. गोल रेषा हात काढतो. मी इंजिनवाला नसेन, पण हस्ताक्षर ओळखायचा मला पगार मिळतो.

वहिनी, ग्राइंडर कुठे आहे?

तुमचा दीर

२६ एप्रिल

भाऊजी,

विकला. मार्चअखेर. पलीकडच्या गावात एका बाईनं नवं वर्कशॉप काढलंय, तिला हवा होता. वर्षभरात त्याच्यावर चार कामं आली, त्यांतलं एक तुमचं. धूळ पुसायला मला माणूस ठेवावा लागत होता. त्यात रडण्यासारखं काही नाही, चांगल्या हातात गेलाय.

तुमचं हेड आलं तेव्हा जाड काच आणली, वर पॉलिश पेपर चिकटवला आणि हातानं गोल गोल फिरवलं. दर शंभर फेऱ्यांनी हेडची दिशा बदलायची, म्हणजे एकीकडे जास्त खात नाही. तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी तुमचे दादा बाह्या सरसावून म्हणाले, सरक, मी करतो. दहा मिनिटांनी आडवे झाले. तिथून फेऱ्या मोजत होते, त्याही चुकल्या.

आधी सांगितलं असतं तर तुम्ही हेड पाठवलंच नसतं. चार पानी पत्र पाठवलं असतं.

लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या वडिलांनी मला असंच काचेवर शिकवलं होतं, मशीन नंतर आलं. हात विसरले नाहीत हे बघून बरं वाटलं. सपाट पट्टीखाली सिगारेटचा कागदसुद्धा सरकत नाही. आणि मुद्दाम जरा जास्त घासलंय. आतली जागा कमी झाली की इंजिन मिश्रण जास्त दाबतं, खालच्या फेऱ्यांत जोर वाढतो. म्हणजे तुमच्या घोटाळ्याचाही फायदा करून घेतला.

दोन तारखेला तिसऱ्या वळणाआधी दुसऱ्या गिअरमध्ये टाका आणि पाय काढू नका. काय झालं ते लगेच लिहा. त्या दिवशी मला काम सुचणार नाही.

वहिनी

२ मे

वहिनी,

निकाल आधी सांगणार नाही. तुम्ही मला आठ आठ दिवस उत्तराची वाट बघायला लावलीत, तुम्ही चार पानं वाट बघा.

सात वाजता पाळणाघर उघडलं. सात पाचला साहेब कोपऱ्यावर उभे होते, काखेत कागद लावलेली पाटी. पुढे मी आणि साहेब, मागे तिघं. कवायतीचे सर मधे बसले, गाडी मधोमध झुकली. दादांना सांगा, साहेब ऐंशीच्या आसपास असावेत. विचारायचं धाडस झालं नाही.

चढ सुरू झाला. पहिलं वळण. दुसरं वळण. पाण्याचा काटा जागच्या जागी. तिसऱ्याच्या आधी तुम्ही सांगितलंत तसं दुसऱ्या गिअरमध्ये टाकलं, पाय तसाच ठेवला, आणि वहिनी, ती निघाली! पोती वाहणाऱ्या बाईसारखी, कमरेत जरा वाकून, पण पाऊल न चुकता. मागून एकदम वारा आला. पाहतो तर गणिताच्या बाईंनी तीन वर्षांच्या सवयीनं वळणावर दार उघडलं होतं.

"अहो बाई, दार लावा!" मुख्याध्यापिका ओरडल्या.

"आपण थांबत नाही आहोत?" बाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. सर सीटवर बुक्क्या मारत होते. साहेब म्हणाले, "नेहमी असंच असतं का?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हो." मला तोंड उघडायची बंदी आहे.

सात एक्केचाळीस! फाटक उघडलं, फळा पुसला, खिडक्या उघडल्या. आणि मग आम्ही वाट बघू लागलो.

पावणेआठ. मूल नाही. सात पंचावन्न. एकही मूल नाही. साहेब घड्याळाकडे बघत नव्हते, ते आमच्याकडे बघत होते. मी बाहेर धावलो. समोरच्या घरात एक बाई कपडे वाळत घालत होत्या. मी विचारलं, मुलं कुठे आहेत?

त्या बघतच राहिल्या. "सर? तुम्ही आलात केव्हा? गाडी तर आली नाही अजून."

"ही काय गाडी!"

"पण आवाज कुठे आला?"

तेव्हा उलगडा झाला. तीन वर्षं ह्या वस्तीनं आमच्या गाडीवर घड्याळ लावलं आहे. ती तिसऱ्या वळणावर कण्हायला लागली की आया मुलांच्या पाठीवर दप्तर चढवायच्या. आधी येऊन बंद फाटकासमोर उभं राहण्यात अर्थ नव्हता. आज गाडी कण्हली नाही. तुम्ही सुचवलेलं इंजिन आणि तुम्ही सांगितलेला सायलेन्सर, दोघं मिळून सकाळच्या वाऱ्यासारखे वर आले. सगळी वस्ती आवाजाची वाट बघत घरात बसली होती.

मी आत येऊन हे सांगितलं. गणिताच्या बाईंनी माझ्या हातातून चावी हिसकावली. "तिसऱ्या वळणापर्यंत खाली जाते," त्या म्हणाल्या, "आणि पहिल्या गिअरमध्ये वर येते. बघू कशी ओरडत नाही ते." गेल्यासुद्धा.

आठला एक मिनिट. वर्गात मी, साहेब आणि रिकामे बाक. मी म्हटलं, "साहेब, पाच मिनिटं—"

"तास आठला सुरू व्हावा असं माझ्या कागदावर आहे," ते शांतपणे म्हणाले. "करा सुरू."

"कुणाला शिकवू?"

ते पहिल्या बाकावर जाऊन बसले. बाक लहान, गुडघे पोटाशी आले. पेन काढलं. "मला."

घड्याळात आठ वाजले आणि मी शुद्धलेखन घालायला सुरुवात केली. साहेबांनी कागदाच्या पहिल्या ओळीत लिहिलं, 'पहिला तास आठ वाजता सुरू.' उलटं असलं तरी मला वाचता येतं. दुसरी ओळ त्यांनी कोरी ठेवली, तीच शाखेच्या भवितव्याची, आणि खाली माझं वाक्य उतरवून घ्यायला लागले. अक्षर चांगलं आहे. वेलांटी चुकली, मी दाखवली, त्यांनी खोडून नीट केली.

तिसऱ्या वाक्याला खालून आवाज आला. वहिनी, त्या इंजिनाच्या अंगात एवढं रडगाणं असेल असं मला वाटलं नव्हतं! पहिला गिअर, पाय तळापर्यंत, वर भोंगा. डोंगर दणाणला. आणि मग दारं. एकामागून एक दारं उघडल्याचा आवाज, हाका, "गाडी आली, गाडी आली," चपला, पळणं. बायका एका हातानं वेण्या घालत दुसऱ्या हातानं पोरींना ढकलत होत्या. फाटकातून लोंढा आत आला.

सगळ्यात पुढे चौथीतली एक मुलगी, धापा टाकत, एका पायात मोजा. सरळ पहिल्या बाकापाशी आली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

"काका, ही माझी जागा आहे."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या पायातल्या एका मोज्याकडे पाहिलं, आणि सरकले. सरकता सरकता कागद गुडघ्यावर घेऊन कोऱ्या ओळीत लिहिलं, 'शाखा चालू ठेवावी.' शाई वाळायला कागद जरा हलवला. मग पोरीला अर्धा बाक मोकळा करून देत मला म्हणाले, "हं सर, पुढचं वाक्य सांगा."

तुमचा दीर